ट्रम्पेटच्या नळीत फुटणारी लाट

शिमग्याच्या आधी शेजारचा मुलगा नवा ट्रम्पेट घेऊन आमच्या पडवीत आला. लग्नाच्या बँडात तो पाच-सहा वर्षं वाजवतोय. आता त्याला गोव्यातल्या एका बिग बँडमध्ये (जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात) लीडच्या, म्हणजे पहिल्या ट्रम्पेटच्या, खुर्चीवर बसायचंय. "काका, हो घेतलंय तर वरचे सूर गावतले मां?" दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, मोठ्या बोअरचा आणि चांदीच्या मुलाम्याचा घे, वरचे सूर आपोआप निघतील.

हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं.

आधी बोअर. हा नळीचा आतला व्यास, आणि तो बहुधा दुसऱ्या पिस्टनच्या, म्हणजे बोटाने दाबायच्या दांड्याच्या, जोडनळीत मोजतात. नेहमीचा 'मीडियम लार्ज' ०.४५९ इंचाचा, तर 'लार्ज' ०.४६२ इंचाचा. फरक ०.०७६ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीइतका. ओठांना लावायच्या माऊथपीसला लागून असलेली पहिली नळी कशी रुंदावत जाते, याचा परिणाम त्याहून मोठा असतो, आणि ते त्या आकड्यात दिसतच नाही.

आता वरचे सूर. फुंकलेला तरंग भोंग्याच्या तोंडाशी पोचला की त्याचा काही भाग मागे परततो. जाणारा आणि परतणारा तरंग मिळून संस्पंदन होतं, म्हणजे ठरावीक सूर नळीत घुमतो, आणि ते ओठांना सुरावर धरून ठेवतं. पण वारंवारता साधारण १२०० ते १५०० हर्ट्झच्या पुढे गेली की भोंगा जवळजवळ सगळाच तरंग बाहेर सोडतो, मागे फारसं काही येत नाही. लीडवाल्याचा वरचा 'सी' ९३२ हर्ट्झचा असतो, त्याच्या वरचा 'जी' सुमारे १३९७ हर्ट्झचा. म्हणजे ऐन मोक्याच्या सुरावर वाद्याचा आधार सुटतो. तिथे ओठ, श्वास आणि रियाज एवढंच. तो सूर कुठलाही ट्रम्पेट विकत देत नाही.

मग ट्रम्पेट निवडायचा कशासाठी? चार ट्रम्पेट, चार ट्रोम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि ड्रम्स यांच्या गर्दीतून पहिल्याचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत कापत जावा लागतो. ती धार कुठून येते, हे मला भौतिकशास्त्रातलं अतिशय देखणं प्रकरण वाटतं.

शिरोड्याच्या वेळागरावर संध्याकाळी उभे राहा. खोल पाण्यात लाट गोलसर असते. उथळात आली की तिचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो, कारण माथ्याखाली पाणी जास्त खोल असतं आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. पुढची बाजू उभी होत जाते आणि लाट फुटते.

नळीतल्या हवेतही अगदी असंच होतं. शाळेत संपीडन आणि विरलन शिकलो, ते आठवा. समजा संपीडनाच्या माथ्यावर दाब वातावरणाच्या दहाव्या भागाने वाढला. दाबलेली हवा सुमारे ८ अंशांनी तापते, त्यामुळे तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला ५ मीटरने वाढतो. शिवाय ती हवा स्वतःच सेकंदाला २४ मीटरने पुढे चाललेली असते. दोन्ही मिळून माथा २९ मीटरने वेगवान. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर जवळपास दीड मीटर. ती पार करायला तरंगाला सुमारे ४.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात माथा १२ सेंटिमीटर पुढे निघतो. वरच्या 'सी'ची तरंगलांबी ३७ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग, म्हणजे माथ्यापासून पुढच्या नेहमीच्या दाबापर्यंतचं अंतर, ९. म्हणजे दाब नळीभर तसाच टिकला असं धरलं तर भोंग्यापाशी येईतो लाट फुटलेलीच असते! अशा उभ्या कडेत उंच प्रसंवादी, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वारंवारतेचे सूर, खच्चून भरलेले असतात, आणि कानाला तीच पितळी झळाळी ऐकू येते. १९९६ मध्ये ट्रोम्बोनमधले असे फुटलेले, म्हणजे आघात तरंग मोजले गेले, २००३ मध्ये ट्रम्पेटच्या तोंडातून निघणाऱ्या तरंगांची छायाचित्रंही घेतली गेली.

फ्लूगलहॉर्न हा ट्रम्पेटचा भाऊबंद, त्याची नळीही तेवढीच लांब. पण ती सुरुवातीपासून रुंदावत जाते, दाब लवकर उतरतो, लाट फुटत नाही, म्हणून आवाज मऊ. लीडसाठी याच्या उलट हवं: अरुंद आणि बराच काळ एकाच रुंदीची राहणारी नळी, उथळ कपाचा माऊथपीस. तेवढ्याच श्वासात दाब जास्त चढतो. मात्र फार अरुंद नळीत भिंतींचं घर्षण हीच कड पुन्हा बोथट करतं, म्हणून टोकाला जाऊ नये. मोठा बोअर उलट जास्त श्वास मागतो.

चांदीच्या मुलाम्याने आवाज बदलतो, असं मानायला आधार नाही. खाऱ्या वाऱ्यात उघडं पितळ कळकतं, म्हणून मुलामा उपयोगाचा, एवढंच. द्रवरूप नायट्रोजनमध्ये वाद्य गोठवून 'सूर मोकळा' करून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. आणि आमच्याकडे ट्रम्पेट बसला की "करणी केल्यान कोणी" म्हणतात, त्याचाही मला राग येतो. एका बँडवाल्याने भोंग्याला लिंबू-मिरची बांधली होती. पाणी काढायच्या कळीखालचं बूच झिजून तिथून हवा गळत होती. बूच बदललं आणि वाद्य चालू झालं.

निवडताना आधी पिस्टनची गळती तपासा: जोडनळी पिस्टन न दाबता थोडी ओढा, थांबा, मग पिस्टन दाबा, 'पॉप' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट बसतो. मग हळू आणि जोरात, दोन्ही वाजवा. धार हळू सुरात नको, जोर दिल्यावरच यावी. आणि निकाल स्वतः देऊ नका. उंच प्रसंवादी भोंग्यातून टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात, वाजवणारा त्यांच्या मागे असतो. मी त्या मुलाला देवळासमोरच्या मैदानात उभा केला आणि चाळीस पावलांवर पाठ करून थांबलो. त्याने नवा आणि जुना, दोन्ही ट्रम्पेट क्रम न सांगता वाजवले. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी जुना निवडला.