व्यसनमुक्तीतील शरणागती

‘माझं मी सांभाळीन’ हा हट्ट सोडून व्यसनी व्यक्तीने दुसऱ्याची मदत स्वीकारणे, याला व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात शरणागती म्हणतात. ज्या अहंकारावर पाणी सोडायचे तो बढाईखोरच असतो असे नाही. स्वतःला कवडीमोल समजणारा माणूसही ‘मनात आणलं तर उद्यापासून बंद’ असे ठासून सांगतो.

या कल्पनेला आजचे रूप अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या संघटनेने दिले. बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन (ओहायो) येथे ती सुरू केली. व्यसनमुक्तीसाठी तिने सांगितलेल्या बारा पायऱ्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दारूपुढे आपण हतबल आहोत ही कबुली म्हणजे पहिली पायरी. नम्रतेचा थेट उल्लेख सातवीत आहे. कस मात्र पाचवीत आणि नववीत लागतो. पाचवीत आपल्या चुका दुसऱ्या माणसासमोर बोलून दाखवायच्या असतात, तर नववीत ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करायची असते. भरपाईमुळे कोणाला आणखी इजा होणार असेल, तर ती टाळायची. शरण जायचे ते ‘उच्चतर शक्ती’ला. ती कोणती हे ज्याचे त्याने ठरवावे; अनेक नास्तिक सदस्य आपल्या गटालाच ती जागा देतात.

मनोविकारतज्ज्ञ हॅरी टीबाउट यांनी १९४९ च्या निबंधात केलेला भेद आजही सर्वांत उपयोगी वाटतो. नुसते नमते घेणे वेगळे आणि शरण जाणे वेगळे. नमते घेणारा रुग्ण डॉक्टरांच्या प्रत्येक सूचनेला ‘हो’ म्हणतो, पण आतून लढाई चालूच असते. त्रासाची आठवण फिकी पडली की ग्लास पुन्हा हातात येतो. घरच्यांची फसगत इथेच होते, कारण वरवर दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. शरणागती एकदा घडली की कायम टिकते, असेही टीबाउट मानत नसत. प्रकृती सुधारताच अहंकार परत डोके वर काढतो, हे त्यांनी पुढे मांडले. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी १९७१ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली: दारूशी झुंज जिंकल्याचा अभिमान वाटू लागला, की ‘एक पेग घेऊन थांबता येतं का बघू’ हे नवे आव्हान उभे राहते.

आक्षेपही आहेत. अपराधभावाने आधीच खचलेल्या स्त्रियांना आणखी नमवण्यापेक्षा आत्मसन्मान देण्याची गरज आहे, या भूमिकेतून जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७० च्या दशकात ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही स्त्रियांसाठीची व्यसनमुक्ती संघटना स्थापन केली. अहंकार बाहेरून ठेचून काढण्याचे प्रयोग तर घातकच ठरले. एएचा माजी सदस्य चार्ल्स डेडरिक याने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या सिनॅनॉन या व्यसनमुक्ती संस्थेत ‘गेम’ नावाच्या बैठकीत सगळे मिळून एकेकाचे वाभाडे काढत. पुढे या संस्थेचा हिंसक पंथ झाला. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणात्मक मुलाखत पद्धत याच्या उलट टोकाची आहे. समुपदेशक वाद घालू लागला की रुग्ण व्यसनाचीच बाजू लढवतो, म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून येऊ दिली जातात.