अफगाणिस्तानात शाई पुसली गेली आणि निवडणूकच धोक्यात आली: बोटावरच्या डागाची केमिस्ट्री

9 ऑक्टोबर 2004. अफगाणिस्तानात राष्ट्राध्यक्ष निवडायला लोक पहिल्यांदाच थेट मत देत होते. आता तिथं निवडणुका आधी कधी झाल्याच नव्हत्या असं नाही, राजेशाहीच्या काळात 1965 आणि 1969 ला संसदेसाठी मतदान झालं होतं, पण देशाचा प्रमुख कोण हे सामान्य माणसाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यानंतर सोव्हिएत फौजा, मग मुजाहिदीनांची आपसातली लढाई, मग तालिबान, मग अमेरिकेची विमानं, म्हणजे पाव शतक नुसतं युद्ध. आणि एवढं सगळं झाल्यावर सकाळी सकाळी मतदान केंद्रांबाहेर लांबच लांब रांगा. बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. डोंगराळ भागात रस्ते नाहीत तिथं मतपेट्या गाढवांवरून नेल्या होत्या. मतपत्रिकेवर 18 नावं, त्यात एक बाई, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येकाचा फोटो आणि चिन्ह. पाकिस्तान आणि इराणमधल्या निर्वासितांसाठीही मतदानाची सोय केली होती.

भीती होती ती बॉम्बची, रॉकेटची. पण खरा गोंधळ झाला तो शाईवरून!

मतदान सुरू होऊन थोडा वेळ होतोय तोच लोक सांगायला लागले की बोटावरची शाई जातेय. कुणी थुंकी लावून पुसली, कुणी घरी जाऊन साबणाने धुतली, आणि बोट स्वच्छ. दुपारपर्यंत हंगामी राष्ट्राध्यक्ष आणि स्वतःही उमेदवार असलेल्या हमीद करझाईंच्या विरोधातल्या 15 उमेदवारांनी बहिष्कार जाहीर केला, मतदान थांबवा म्हणाले. निवडणूक मंडळाने नाही थांबवलं. आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे रांगेतले लोक. उमेदवार बहिष्कार घालत होते आणि मतदार आपले उभेच होते, इतकी वर्षं वाट बघून आलोय तर मत देऊनच जाणार. पुढाऱ्यांपेक्षा लोकच जास्त सिरियस निघाले म्हणायला हरकत नाही.

आता प्रश्न असा की शाईसारख्या फालतू वाटणाऱ्या गोष्टीवर एवढं काय अडलं? त्यासाठी आधी हे बघायला लागेल की तिथं दुसरं काहीच नव्हतं. अफगाणिस्तानात शेवटची जनगणना 1979 ला झाली आणि तीही अर्धवट राहिली. देशात मतदानाच्या वयाची माणसं किती हे कुणालाच नक्की माहीत नाही, मतदार यादी म्हणावी अशी यादी नाही, जन्माचे दाखले नाहीत. नोंदणी करून कार्डं वाटली, ती 1 कोटी 5 लाखांच्या आसपास गेली, आणि काही प्रांतांत तर तिथं जेवढे मतदार असतील असा अंदाज होता त्याहून जास्त कार्डं निघाली. म्हणजे एकेकाकडे दोन दोन, तीन तीन कार्डं आहेत हे सगळ्यांनाच माहीत होतं, आणि त्यावर उत्तर हेच दिलं होतं की कार्डं कितीही असू देत हो, बोटाला शाई लागली की दुसऱ्यांदा मत देता येणार नाही. सगळा भरवसा त्या एका डागावर. आणि तोच पुसला जायला लागला.

आता केमिस्ट्री. न पुसल्या जाणाऱ्या शाईतला मुख्य माल म्हणजे सिल्व्हर नायट्रेट. बारावीला सायन्स घेतलेल्यांना हे चांगलंच आठवत असेल, प्रॅक्टिकलला क्लोराइडची टेस्ट करताना हे हातावर सांडायचं, तेव्हा काहीच दिसायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी बोटं काळी. शाईतही हेच होतं. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण स्वतः रंगहीन असतं. ते कातडीवर लागलं की घामातल्या मिठाशी, म्हणजे त्यातल्या क्लोराइडशी त्याची रिअॅक्शन होऊन सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, जे पाण्यात विरघळत नाही. शिवाय चांदीचे आयन कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रोटीनला, खास करून त्यातल्या गंधकाला, जाऊन चिकटतात. मग त्यावर ऊन पडलं की प्रकाशाच्या ऊर्जेने सिल्व्हर क्लोराइड फुटतं आणि शुद्ध चांदीचे अगदी बारीक कण मागे राहतात. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यातही चांदीच्या क्षारांचं हेच प्रकाशाला बिचकणं वापरलेलं असायचं.

कुणी म्हणेल चांदी तर चकाकते, मग डाग काळा कसा? कारण कण फारच छोटे आणि वेडेवाकडे असतात. सपाट पत्र्यावरून प्रकाश सरळ परत फिरतो, अशा भुग्यात तो बराचसा शोषला जातो आणि उरलेला इकडेतिकडे विखुरतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतला काळा रंगही चांदीचाच असतो.

आणि हा डाग साबणाने का जात नाही, तर तो कातडीवर नसतोच, कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या पेशींच्या आत असतो. त्या पेशी झडतील तेव्हाच तो जाणार, म्हणजे दोन-तीन आठवडे धरून चला. नखाच्या मुळाशी लागला असेल तर अजून जास्त, कारण नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं आणि डाग त्याच्यासोबत हळूहळू वर सरकत कापला जाईपर्यंत राहतो. म्हणूनच शाई नख आणि कातडी दोन्हीवर येईल अशी लावतात.

आता यातली खरी गोम. सिल्व्हर नायट्रेटचा डाग उमटायला वेळ लागतो, आणि प्रकाश लागतो. लावल्या लावल्या काहीच दिसत नाही, म्हणून शाईत वेगळा जांभळा रंग घालतात, जेणेकरून कर्मचाऱ्याला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला लगेच दिसावं. लवकर वाळावी म्हणून अल्कोहोल घालतात. म्हणजे आपण जो जांभळा रंग बघतो तो बऱ्यापैकी शो असतो, खरं काम त्याच्या खालची चांदी करत असते. जांभळा रंग गेला तरी डाग मागाहून वर येऊ शकतो. पण शाई ओली असतानाच खसाखसा पुसली, किंवा बोट तेलकट असेल, किंवा शाईत चांदीच कमी असेल, तर मात्र खरंच काही उरत नाही.

अफगाणिस्तानात झालं ते याहून साधं होतं. केंद्रांवर एकाच प्रकारचं सामान नव्हतं, कुठं बाटलीतली शाई, कुठं मार्कर पेन, आणि मतपत्रिकेवर खूण करायला वेगळे साधे पेन. हजारो कर्मचारी आयुष्यात पहिल्यांदा हे काम करत होते, त्यातल्या काहींनी पेनांची अदलाबदल केली, म्हणजे कागदासाठीचा पेन बोटाला लावला. त्यात चांदीच नाही, तर डाग राहणार कुठून! देशात साधारण पाच हजार मतदान केंद्रं, सगळीकडे हे घडलं नाही, पण सकाळी आठ-नऊला एका केंद्रावर पुसलेलं बोट दुपारी सगळ्या देशाची बातमी झालेलं असतं.

नंतर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तिघा परदेशी तज्ज्ञांचं पॅनल बसलं, दोनेक दिवसांतच युनूस कानुनींसारखे मोठे उमेदवार पॅनल म्हणेल ते मान्य करू असं म्हणायला लागले, आणि पॅनलने सांगितलं की चुका झाल्या, पण निकाल फिरेल एवढ्या नाहीत. 3 नोव्हेंबरला निकाल. 81 लाखांच्या वर मतं पडली, त्यातली साधारण 40 टक्के बायकांची, आणि करझाईंना 55.4 टक्के. कानुनींना 16 च्या आसपास, म्हणजे मधे एवढं अंतर की शाईच्या भांडणाने ते भरून निघणं शक्यच नव्हतं. हेच अंतर जर दोन टक्क्यांचं असतं तर काय झालं असतं याचा विचार न केलेलाच बरा.

पुढच्या जानेवारीत, 30 तारखेला, इराकमध्ये मतदान झालं. तिथं बोट सरळ बाटलीत बुडवायला लावत होते, आणि ते जांभळं बोट कॅमेऱ्यासमोर नाचवणारे लोक जगभर पेपरात झळकले. आपल्याकडे आता प्रत्येक निवडणुकीला बोटाच्या सेल्फींचा पूर येतो, पण तिथं त्याचा अर्थ वेगळा होता कारण बॉम्बहल्ले त्या दिवशीही चालूच होते. सुन्नी भागांत बहुतेकांनी बहिष्कार घातला, आणि तिथं बोटावर शाई घेऊन घरी जाणं म्हणजे जिवावरचा खेळ होता.

इथंच या तंत्राची अडचण आहे आणि ती केमिस्ट्रीने सुटत नाही. मत कुणाला दिलं हे गुप्त राहतं, पण मत दिलं हे गुप्त राहत नाही. शाई जेवढी चांगली तेवढा मतदार जास्त दिवस उघडा. 2014 च्या जूनमध्ये अफगाणिस्तानातल्या हेरात भागात मत देऊन परतणाऱ्या 11 म्हाताऱ्या माणसांची शाईची बोटं तालिबानने कापली. त्या लोकांच्या बाबतीत शाईने आपलं काम अगदी चोख केलं होतं.

मग न दिसणारी शाई वापरायची ना? तीही वापरून झाली. 1994 ला दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत हाताला अदृश्य शाई लावत होते जी फक्त अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकते. मतदाराच्या दृष्टीने हे चांगलं, पण प्रत्येक केंद्रावर दिवा पाहिजे, वीज नाही तर बॅटरी पाहिजे, आणि मुख्य म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, त्याने विश्वास ठेवायचा कशावर? जांभळ्या बोटाची गंमत ही आहे की ते कुणीही तपासू शकतं, शेजारीसुद्धा.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने बनवलेला फॉर्म्युला म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात 1962 पासून वापरला जातोय, कारखाना सुरू केला होता तिथल्या महाराजांनी 1937 ला. ही शाई बाहेरच्या बऱ्याच देशांतही जाते. मात्र आपल्याकडे शाई हा दुसरा पहारेकरी आहे, पहिला म्हणजे मतदार यादी, त्यामुळे कुठं शाई पुसली गेलीच तरी ओरड होते पण यादीचा आधार असतो. अफगाणिस्तानात पहिला पहारेकरीच नव्हता.

तिथं पुढं शाईच्या जोडीला मशीन आलं. 2018 च्या संसदेच्या निवडणुकीत बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी बायोमेट्रिक यंत्रं आणली, कित्येक ठिकाणी ती चालेनात म्हणून मतदान दुसऱ्या दिवशीही घ्यावं लागलं. 2019 च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं तेव्हा यंत्राने न पडताळलेली मतं बाद धरली आणि शेवटी वैध मतं उरली फक्त 18 लाखांच्या आसपास, कुठं ते 81 लाख आणि कुठं हे. कुठली मतं धरायची यावरून वाद पाच महिने चालला, निकाल फेब्रुवारी 2020 ला लागला, आणि 9 मार्चला अशरफ घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला या दोन्ही मुख्य उमेदवारांनी काबूलमध्ये वेगवेगळ्या कार्यक्रमांत राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली.