पायरेट्सकडे पिचर कायम असतो, पुढे काय होतं तो प्रॉब्लेम आहे

मामा पुण्याहून दर रविवारी फोनवर एकच विचारतो, "अरे तुमच्याकडे तो जगात भारी बॉलर आहे म्हणतोस ना, मग टीम तळाला कशी?" बेसबॉलमध्ये त्याला बॉलर नाही पिचर म्हणतात हे सांगून मी थकलो, पण प्रश्न बरोबर आहे. पॉल स्कीन्सने 2025 मध्ये साय यंग अवॉर्ड घेतलं, म्हणजे लीगमधला बेस्ट पिचर, ईआरए 1.97, म्हणजे नऊ इनिंग्ज टाकल्या तर सरासरी दोन रनसुद्धा नाहीत, आणि त्याच सीझनला त्याचं रेकॉर्ड काय तर 10 विजय 10 पराभव! आमची टीम पिट्सबर्ग पायरेट्स 71-91, म्हणजे 71 विजय 91 पराभव. मे महिन्यातच मॅनेजर डेरेक शेल्टनला घरी पाठवलं, तेव्हा 12-26 होते.

आता हे एका वर्षाचं रडगाणं नाहीये. 1979 ला शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकली. मग 1992, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीची अटलांटाविरुद्ध सातवी, निर्णायक मॅच, नवव्या इनिंगला 2-0 पुढे, डग ड्रेबेक पिचिंग करतोय, आणि शेवटी सिड ब्रीम, जो आधी आपलाच प्लेअर, गुडघ्यांची वाट लागलेला, सेकंड बेसवरून लंगडत पळत सुटला आणि बॅरी बाँड्सचा थ्रो एका क्षणाने उशिरा आला. 3-2 ने हरलो. त्या हिवाळ्यात बाँड्स गेला, ड्रेबेकही गेला. पुढची 20 वर्षं, 1993 ते 2012, एकही विनिंग सीझन नाही, अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात कुठल्याच टीमने असा विक्रम केलेला नाही. मधेच 2002 च्या ड्राफ्टला, म्हणजे टीम्स नवी पोरं निवडतात त्यात, पहिला नंबर मिळाला तर ब्रायन बुलिंग्टन घेतला, तो पिचर पुढे चमकलाच नाही. आणि हो, 2008 मध्ये उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल एका टॅलेंट शोमधून उचलून साइन केले ते पण आपल्याच पायरेट्सनी (रिंकू नंतर डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला, ते एक असो).

मग आलं 2013. रे सेरेज पिचिंग कोच, त्याच्या हाताखाली बाकीच्यांनी टाकून दिलेले लिरियानो, बर्नेटसारखे लोक परत उभे राहिले, सिंकर, म्हणजे शेवटी खाली बुडणारा बॉल, खाली टाका, बॅट्समनला बॉल जमिनीवर मारायला लावा, हा फंडा. वाइल्ड कार्ड मॅचला, म्हणजे प्लेऑफची हरलात की बाहेर अशी एकच मॅच, आपलं अख्खं स्टेडियम पीएनसी पार्क "क्वेsssटो" ओरडत होतं, सिनसिनाटीच्या जॉनी क्वेटोच्या हातातून बॉलच पडला, आणि पुढच्याच बॉलवर रसेल मार्टिनने होमरन मारला. मी तो क्लिप अजून महिन्यातून एकदा बघतो. 2015 ला तर 98 जिंकले आणि त्याच वाइल्ड कार्डच्या एका मॅचमध्ये खेळ खल्लास.

पण तोच फंडा नंतर गळ्यात अडकला असं माझं मत. 2011 च्या ड्राफ्टचा पहिला पिक पिचर गेरिट कोल, जानेवारी 2018 ला ह्यूस्टनला विकला, तिथे त्यांनी सांगितलं सिंकर सोड, फास्टबॉल वर टाक, 2019 ला साहेबांनी 326 स्ट्राइकआउट काढले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅट्समन. तेच पिचर टायलर ग्लासनोचं. त्याला, ऑस्टिन मेडोजला आणि वर शेन बाझला देऊन जुलै 2018 ला पिचर क्रिस आर्चर आणला, त्या ट्रेडचं नाव काढलं तरी इथले लोक मान खाली घालतात. कोलच्या बदल्यात आलेला जो मसग्रोव्ह पण विकला, त्याने सॅन दिएगोला जाऊन एप्रिल 2021 ला नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट दिला नाही. हिरा शोधायचा आपण, पैलू पाडायचे दुसऱ्याने. मालक बॉब नटिंगच्या खिशाबद्दल मी काही बोलत नाही, बीपी वाढतो.

म्हणून स्कीन्सची पहिली मॅच, 11 मे 2024, शिकागो कब्सविरुद्ध, मला सगळ्याचं सार वाटते. पोरगा 100 मैलाच्या वर 17 बॉल टाकून 6-1 लीड ठेवून बाहेर गेला आणि मागून आलेल्या रिलिव्हर, म्हणजे बदली पिचर लोकांनी बेसेस भरलेले असताना सहा वॉक दिले (चार खराब बॉल टाकले की बॅट्समनला फुकट बेस, आणि बेसेस भरलेले तर फुकट रन), एकाच इनिंगला, सहा! मधे दोन तास पाऊस. शेवटी 10-9 जिंकलो, पण स्कीन्सच्या नावावर विजय नाही.

आता पिचिंगचं बघाल तर बबा चँडलर आलाय, जेरेड जोन्स 2025 ला कोपराच्या ऑपरेशनने अख्खा सीझन बाहेर होता. अडतंय ते बॅटिंगवर, 2025 ला फक्त 117 होमरन, सगळ्या लीगमध्ये सर्वात कमी. बॅटवाला हवा म्हणून डिसेंबर 2025 मध्ये ब्रँडन लो आणला, त्यात माइक बरोज हा पिचर गेला, कुठे तर परत ह्यूस्टनलाच, म्हणजे हसावं का रडावं. खरी आशा कॉनर ग्रिफिन, 2024 ला ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरवर घेतलेला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर), 2025 ला पहिल्याच वर्षात डबल-ए या खालच्या लीगपर्यंत पोचला, तेव्हा वय 19.

स्कीन्स 2029 नंतर फ्री एजंट होतो, म्हणजे हव्या त्या टीमकडे जायला मोकळा. मामाला मी एवढंच सांगितलं, त्याच्या आधी ये, तिकीट मी काढतो.