बाभळीचा काटा आणि तटस्थ देशाची फौज

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं नान्नजकडे निघालं की दोन्ही बाजूंना माळ लागतो. गेल्या उन्हाळ्यात तिथं एका बाभळीपाशी शेळ्या चरताना मी बराच वेळ थांबून पाहिलं. फांदीवर बोटाएवढे काटे होते. शेळी ओठ पुढे काढून दोन काट्यांच्या बेचक्यातली पानं एकेक करून टिपत होती. शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या धनगराला मी विचारलं, "आबा, हिला काटे टोचत नाहीत का?"

"टोचत्यात की," ते म्हणाले. "म्हणून तर दमानं खाती. बाभळीखाली दिस जातो, पण पोट भरत न्हाई."

आबांनी जे सांगितलं, ते दक्षिण आफ्रिकेतल्या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. कूपर आणि ओवेन-स्मिथ यांनी १९८६ मध्ये कुडू आणि इम्पाला ही तिकडची हरणं आणि पाळीव शेळ्या काटेरी झुडपांवर कशा चरतात याचा अभ्यास मांडला. काट्यांमुळे जनावर झाड सोडून पळत नाही. त्याचा घास लहान होतो आणि खाण्याचा वेग उतरतो. तेवढ्याच वेळात कमी पाला पोटात जातो, म्हणून शेजारचं बिनकाट्याचं झुडूप त्याला जास्त परवडतं.

हे सगळं आठवायला कारण झालं माझी भाची. ती अकरावीला आहे. तिच्या महाविद्यालयात वादविवाद होता आणि विषय होता, लहान तटस्थ देशानं संरक्षणावर खर्च करावा का. तिच्या वाट्याला 'करू नये' ही बाजू आली होती. ती म्हणाली, "मामा, ही बाजू तर सोपी आहे की. मोठा देश चालून आला तर लहान देश हरणारच. मग पैसे कशाला घालवायचे? त्यात शाळा बांधाव्यात."

बिनतोड वाटावा असा हा मुद्दा आहे. पण तो एका गृहीतावर उभा आहे. संरक्षण म्हणजे जिंकणं, हे ते गृहीत. बाभूळ शेळीशी जिंकायला निघालेली नसते.

आधी तटस्थता म्हणजे काय ते नीट पाहू. 'आम्ही कुणाच्या भांडणात नाही' एवढं म्हणून भागत नाही. १९०७ च्या हेग करारानं तटस्थ देशाची भूमी अभंग मानली, पण त्याबरोबर एक जबाबदारीही टाकली: लढणाऱ्या कुणाही पक्षाला आपल्या भूमीतून सैन्य किंवा युद्धसामग्री नेऊ द्यायची नाही. त्याच करारात असंही म्हटलं आहे की घुसखोरी बळानं अडवली, तरी ते शत्रुत्वाचं कृत्य धरलं जाणार नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत तटस्थ देश हा घराच्या दारात उभा राहिलेला माणूस आहे. तो दुसऱ्याच्या घरात शिरत नाही आणि आपल्या घरातून कुणाला वाटही देत नाही.

हे वागणं उत्क्रांतीच्या गणितातही सापडतं, आणि मला या विषयात सर्वांत जास्त गोडी याच भागाची आहे.

१९७३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी प्राण्यांमधल्या झुंजींवर एक लेख लिहिला. त्यांचा प्रश्न असा होता: शिंगं, सुळे, नख्या असताना एकाच जातीचे प्राणी बहुतेक वेळा जीव जाईपर्यंत का लढत नाहीत? या विचारातून पुढे जो खेळ प्रसिद्ध झाला, त्यात दोन स्वभाव असतात. 'ससाणा' नेहमी लढतो. 'पारवा' कधीच लढत नाही, समोरचा चढला की उडून जातो. समजा जागेची किंमत १० गुण आणि जखमेचा तोटा ४० गुण. दोन पारवे भेटले तर जागा कधी याला, कधी त्याला, म्हणून सरासरी ५ गुण. ससाणा पारव्याला भेटला तर ससाण्याला १०, पारव्याला शून्य. दोन ससाणे भेटले तर एकाला जागा मिळते, दुसरा जखमी होतो, आणि सरासरी पडते उणे १५.

सगळे पारवे असलेल्या वस्तीत एक ससाणा आला की त्याची चंगळ होते. म्हणून निव्वळ पारव्यांची वस्ती टिकत नाही. भाचीच्या बाजूची पहिली अडचण ही.

आता तिसरा स्वभाव आणू. त्याला 'मालक' म्हणू. जागा आपली असेल तर तो ससाण्यासारखा लढतो, दुसऱ्याची असेल तर पारव्यासारखा निघून जातो. दोन मालक भेटले तर एक घरचा असतो, दुसरा पाहुणा. पाहुणा मागे फिरतो, झुंज होतच नाही, आणि दोघांना सरासरी ५ गुण मिळतात. मालकांच्या वस्तीत ससाणा आला तर? निम्म्या वेळा तो मालकाच्या घरात शिरतो आणि झुंजीत उणे १५ घेतो. निम्म्या वेळा मालकच पाहुणा असतो, तेव्हा ससाण्याला १० मिळतात. सरासरी उणे अडीच. त्याच वस्तीत पारव्याला मिळतात अडीच. मालक ५ वर बसलेला आहे, म्हणून ही वस्ती ससाणाही मोडू शकत नाही आणि पारवाही. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहावं असं हे गणित आहे.

सशस्त्र तटस्थता म्हणजे हाच मालकाचा स्वभाव. त्याचे दोन्ही पाय महत्त्वाचे. घराबाहेर लढायचं नाही हा एक, घरात लढायचं हा दुसरा. दुसरा पाय काढला की उरतो तो पारवा.

निसर्गात असा मालक दिसतो का? इंग्लंडमधल्या एका रानफुलपाखराचे नर जंगलात जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे राखतात. निक डेव्हिस यांनी १९७८ मध्ये दाखवलं की कवडशात आधीपासून बसलेला नर दरवेळी जिंकत होता आणि आगंतुक काही क्षणांत माघार घेत होता. मात्र दोघांनाही 'मी मालक' असं वाटेल अशी वेळ आणली, की त्यांची झुंज कितीतरी लांबायची. यामागे नुसती मालकी आहे की उन्हात तापलेल्या अंगाची ऊब, यावर नंतरच्या संशोधकांत वाद झाले. देशांच्या बाबतीत मात्र त्या लांबलेल्या झुंजीचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. सीमा कुणाची हे स्पष्ट असेल, तेवढा मालकाचा स्वभाव स्वस्त पडतो.

इथवरचं गणित बरोबरीच्या प्राण्यांचं होतं. लहान देश आणि मोठा देश बरोबरीचे नसतात, आणि भाचीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

मोठ्याचा हिशोब साधारण असा असतो: जिंकण्याची शक्यता गुणिले लाभ, वजा किंमत. लहान देशाला शक्यता फारशी बदलता येत नाही. पण किंमत वाढवता येते आणि कधी कधी लाभही घटवता येतो. स्वित्झर्लंडनं दुसऱ्या महायुद्धात दोन्ही केलं. जेमतेम ४२ लाख वस्तीच्या या देशानं १९३९ मध्ये चार लाखांहून जास्त माणसं शस्त्राखाली आणली. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि जवळजवळ चारही बाजूंनी जर्मनी-इटलीचा वेढा बसला, तेव्हा सेनापती आंरी गिझाँ यांनी सपाटीवरचा प्रदेश राखण्याचा नाद सोडला आणि मुख्य फौज आल्प्सच्या डोंगरात नेली. जर्मनीला इटलीशी जोडणारे गोट्थार्ड आणि सिम्पलोन हे रेल्वे बोगदे त्याच डोंगरात आहेत. ते उडवून देण्याची तयारी ठेवलेली होती. म्हणजे देश जिंकाल, पण ज्यासाठी जिंकायचा ती वाटच हाती लागणार नाही.

तरी सगळं श्रेय फौजेला देणं खोटं ठरेल. स्वित्झर्लंड जर्मनीशी व्यापार करत होता, त्याच्या बँकांनी जर्मनीकडून सोनं घेतलं, आणि छळातून पळून आलेल्या कित्येक ज्यूंना त्यानं सीमेवरून परत पाठवलं. काट्याबरोबर हा दुसरा, काळा हिशोबही होता.

आणि काटा हरतोही. बेल्जियमची तटस्थता १८३९ च्या लंडन करारानं मोठ्या सत्तांनी मान्य केली होती, त्यात पुढच्या जर्मन साम्राज्याचा गाभा ठरलेला प्रशियाही होता. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मन फौजा आत शिरल्या. लिएजभोवतीचे किल्ले १६ ऑगस्टपर्यंत लढले आणि पडले. फ्रान्सकडे जाणारी वाटच बेल्जियममधून होती, बक्षीस इतकं मोठं की काट्याची किंमत मोजायला जर्मनी तयार होता. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपला भुईकोट किल्ला अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या मधोमध. एका लग्नात आंदण म्हणून कबूल झाला आणि दिला गेला नाही, त्यावरून वर्षानुवर्षं लढाया झाल्या, आणि शेवटी चांदबिबीच्या लग्नात तो विजापूरकडे गेला. तट मजबूत होते, खंदक होता, एका अंगाला तलाव होता. पण जागाच अशी की कुणाची नजर हटेना.

याउलट हॉलंड. जर्मनीच्या मूळ आराखड्यात फ्रान्सकडे जाताना डच भूमीचा तुकडा तुडवायचं ठरलं होतं. सेनापती मोल्टके यांनी तो भाग काढून टाकला. युद्ध लांबलं तर तटस्थ हॉलंडच्या बंदरांतून माल येत राहील, ती जर्मनीची श्वासनलिका ठरेल, असा त्यांचा हिशोब होता. शिवाय डच फौज उभी असताना आणखी एक शत्रू कशाला ओढवून घ्या, हेही होतंच. इथं काट्याला जिंकावं लागलं नाही. शेजारची वाट जास्त परवडली, एवढं पुरलं. पुढे १९४० मध्ये हिशोब बदलला आणि त्याच हॉलंडवर आक्रमण झालं.

'करू नये' बाजूचा सर्वांत जड मुद्दा याच्या पुढे येतो, आणि तो मी स्वतःहून भाचीला दिला. १८६७ च्या करारानं लक्झेंबर्गचा किल्ला पाडून टाकायला लावला होता. १९१४ मध्ये हा देश प्रतिकाराशिवाय व्यापला गेला. बेल्जियमनं प्रतिकार केला, आणि एकट्या दिनाँ गावात जर्मन सैनिकांनी सहाशेहून अधिक नागरिक मारले. लढण्याची किंमत लढणाऱ्यांपुरती राहत नाही. या मुद्द्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच दिसतं की बेल्जियमच्या प्रतिकारानं त्याचं स्वतंत्र अस्तित्व जगाच्या डोळ्यांसमोर राहिलं, आणि येझर नदीकाठी पूर सोडून राखलेला देशाचा एक कोपरा युद्ध संपेपर्यंत त्याच्या राजाच्या हाती होता.

काट्याशिवाय जगणारेही आहेत. कोस्टा रिकानं १ डिसेंबर १९४८ ला सैन्य बरखास्त केलं आणि १९४९ च्या राज्यघटनेत तसं लिहून ठेवलं. त्याच डिसेंबरात शेजारच्या निकाराग्वातून घुसखोरी झाली, तेव्हा अमेरिका खंडातल्या देशांच्या परस्पर संरक्षण कराराचा आधार घ्यावा लागला. भाची खूश झाली, "बघा, सैन्याशिवाय चालतं!" चालतं, पण राखणदार दुसरा असतो.

झाडांमध्येही असा दुसरा राखणदार असतो. केनियातली एक बाभूळ मुंग्यांना पोकळ फुगीर काट्यांत घर देते, मध पाजते, आणि पाला खायला आलेल्या जनावराला मुंग्या चावून हैराण करतात. टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. काही झाडांभोवती दहा वर्षं कुंपण घालून हत्ती-जिराफ दूर ठेवले. धोका नाही म्हटल्यावर झाडांनी मध आणि घरं कमी केली. राखण करणाऱ्या मुंग्या रोडावल्या आणि त्यांची जागा दुसऱ्या, राखण न करणाऱ्या मुंग्यांनी घेतली. खोड पोखरणारे भुंगेरे वाढले. हत्तींपासून वाचवलेली ती झाडं सावकाश वाढू लागली आणि जास्त मरू लागली.

झाड म्हणजे देश नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी स्वीडनची गोष्ट वाचताना ती कुंपणातली बाभूळ डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. शीतयुद्धात जबर हवाई दल बाळगणाऱ्या या देशानं, धोका सरला असं मानून, बाल्टिक समुद्रातल्या गॉटलँड बेटावरची कायमची फौज उठवली आणि २०१० मध्ये सक्तीची सैनिकी सेवा थांबवली. २०१७ मध्ये ती परत आणायचं ठरलं, २०१८ मध्ये गॉटलँडवर पलटण पुन्हा उभी राहिली, आणि ७ मार्च २०२४ ला दोनशे वर्षांची अलिप्तता सोडून स्वीडन नाटोत गेला. काही झाडं चराई वाढली की पुढच्या फुटव्यावर लांब काटे आणतात. वैमानिक मात्र एका हंगामात उगवत नाही.

मग खर्च किती? स्वित्झर्लंड राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याच्या आसपास खर्च करतो, आणि २०२० मध्ये लढाऊ विमानं घ्यायची की नाही हे लोकांना विचारलं, तेव्हा 'हो' म्हणणारे निघाले ५०.१ टक्के. आयर्लंड त्याच्याहून खूप कमी खर्च करतो, त्याच्याकडे लढाऊ जेट नाही, आणि आजवर समुद्रानं त्याची राखण केली. माझ्या मते आकड्यापेक्षा आकार महत्त्वाचा. काटा शेळीच्या मागे धावत नाही. तळघरातले निवारे, विमानविरोधी यंत्रणा, प्रशिक्षित नागरिक यांनी शेजाऱ्याला धास्ती वाटत नाही. दूरवर मारा करणारी शस्त्रं घेतली की शेजारीही घेतो, आणि दोघांचे पैसे जाऊन भीती तेवढी वाढते. लहान तटस्थ देशानं खर्च करावा, पण बाभळीसारखा.

भाचीनं मला विचारलं, मग तिनं 'करू नये' कसं बोलायचं. मी म्हटलं, दिनाँ आणि लक्झेंबर्ग सांग, प्रामाणिकपणे सांग.

त्या दिवशी माळावर आणखी एक गोष्ट पाहिली होती. बाभूळ रोप असताना काट्यांनी भरलेली असते. झाड मोठं झालं की उंच फांद्यांवर काटे पुष्कळदा उरतच नाहीत. शेळीची मान तिथं पोचत नाही, मग झाड तिथं काट्यावर खर्च कशाला करील? पण आबांनी लांब काठीच्या टोकाला कोयता बांधला होता. आज आयर्लंडजवळून जाणाऱ्या समुद्रतळाच्या इंटरनेट केबलींचं काय करायचं यावर तिथं चर्चा चालते, ती वाचताना मला ती काठी आठवते. आबांनी हात उंच केला, एक झटका दिला, आणि सर्वांत वरची, बिनकाट्याची, हिरवीगार फांदी शेळ्यांपुढे येऊन पडली.