नेतृत्वाचा अभ्यास वेगळा, प्रशिक्षण वेगळं

"पुस्तकं वाचून कुणी पुढारी होतो का?" नाही होत. पण हा प्रश्न प्रशिक्षणाला विचारायचा आहे, अभ्यासाला नव्हे. माणसं कुणाच्या मागे का जातात, केव्हा पाठ फिरवतात, याचा पुराव्यानिशी शोध म्हणजे अभ्यास. त्यातलं थोडंफार अंगवळणी पाडणं म्हणजे प्रशिक्षण.

"नेतृत्व उपजतच असतं ना?" ही शंका मात्र थेट अभ्यासाची. अमेरिकेत जुळ्या पुरुषांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नेतृत्वाच्या पदांवर कोण पोचतं यातल्या फरकाचा सुमारे ३० टक्के भाग आनुवंशिक निघाला. उरलेला मोठा वाटा परिस्थिती आणि अनुभवाचा. तिथे पदं मोजली होती, कामाचा दर्जा नव्हे, हेही ध्यानात ठेवावं.

"पण नेत्यामुळे फरक पडतो, हे सिद्ध कसं करणार?" पश्चिम बंगालमध्ये कोणत्या ग्रामपंचायतीचं प्रधानपद महिलेसाठी राखीव, हे जवळजवळ चिठ्ठी काढल्यासारखं ठरत होतं. त्यामुळे गावं आधीपासून वेगळी होती, ही पळवाट उरली नाही. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात राखीव पंचायतींमध्ये पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त खर्च झालेला दिसला, आणि गावातल्या बायकांच्या तक्रारींमध्येही पाण्याचा प्रश्न आघाडीवर होता. खुर्चीत कोण बसतं याने काम बदलतं, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

प्रशिक्षणावरच्या शंका जास्त रास्त आहेत. दोन दिवसांचं शिबिर, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म, त्यात "वक्ते आवडले का?" एवढंच. त्यातून वागण्यात काय बदललं ते कळत नाही. उपयोगी पडतो तो एकाच सवयीचा सराव. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष म्हणतात, "टाकी साफ करून घ्यायला हवी, सगळ्यांनी लक्ष घाला." सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणाचंच नसतं. त्याऐवजी, "कुलकर्णीकाका, रविवारी सकाळी नऊला टाकीवाल्याला बोलवाल का? पाणी बंदची सूचना शनिवारीच लावू." माणूस, काम, वेळ. सोमवारी दहा मिनिटं बसून चार गोष्टी विचारायच्या: काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या खेपेला काय बदलायचं. हे विचारताना अध्यक्षांनी आधी स्वतःची चूक सांगावी, नाहीतर बाकीचे गप्प बसतात. तीन महिन्यांनी इतिवृत्त उघडून किती कामांपुढे नाव आणि तारीख आहे ते मोजा. तो आकडा वाढला नसेल तर शिबिराचे पैसे वाया गेले म्हणायला हरकत नाही.