वर्गातल्या लॅपटॉपवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर: हे आलं कुठून

शाळेतली जुनी कम्प्युटर लॅब डोळ्यासमोर आणा. मशीन तिन्ही भिंतींना लावलेली, मुलांची तोंडं भिंतीकडे, पाठ खोलीकडे, त्यामुळे खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या सरांना सगळे स्क्रीन आपोआप दिसायचे. एकदा मान फिरवली की कळायचं कोण एक्सेलमधे बेरजा करतंय आणि कोण सॉलिटेअर उघडून बसलंय. वायरिंग सोपं पडतं म्हणून ही मांडणी असायची हे खरं, पण लक्ष ठेवायलाही तीच बरी होती आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागायचं नाही. मग लॅपटॉप आले, मुलं परत फळ्याकडे तोंड करून बाकावर बसली आणि मॅडमना समोर दिसायला लागली ती तीस-चाळीस झाकणं. झाकणामागे काय चाललंय ते कळायला मार्गच नाही. क्लासरूम मॉनिटरिंग सॉफ्टवेअर, म्हणजे मुलांचे स्क्रीन शिक्षकाच्या मशीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर, आज जिथे-जिथे विकलं जातं तिथे मुळात ही साधी अडचण आहे, आणि ती खरी आहे, शिक्षकांचं गाऱ्हाणं खोटं नाही हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी या सॉफ्टवेअरबद्दल बरंच कडक बोलणार आहे.

पण एका जागी बसून सगळ्या मुलांचं ऐकायचं-बघायचं ही कल्पना लॅपटॉपच्या कितीतरी आधीची आहे. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि १९५८ मध्ये त्यांनी नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट केला. त्यातून गणित-विज्ञानाबरोबर परकीय भाषांसाठीही पैसा आला आणि शाळाशाळांमधून लँग्वेज लॅब उभ्या राहिल्या. प्रत्येक मुलाला छोटं केबिन, हेडफोन, टेप, आणि शिक्षकाच्या टेबलावर खटक्यांचं पॅनल. खटका दाबला की त्या मुलाचा उच्चार शिक्षकाच्या कानात, परत दाबला की शिक्षकाचा आवाज फक्त त्याच मुलाच्या कानात. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांमधे स्पोकन इंग्लिशसाठी लँग्वेज लॅब असते तिथे ज्यांनी हेडफोन घातलेत त्यांना हे लगेच कळेल. यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: खटका वायरला जोडलेला होता, वायर केबिनला आणि केबिन खोलीला. मूल बाहेर पडलं की ऐकणं संपलं, त्यासाठी वेगळा नियम करावा लागला नाही.

कम्प्युटरच्या बाबतीत हेच पुढे नेटवर्कवर आलं. असं सॉफ्टवेअर करणाऱ्या लॅनस्कूलची सुरुवात १९८६ ची आणि इंग्लंडमधली नेटसपोर्ट ही कंपनी १९८९ ची, म्हणजे विंडोज घरोघरी पोचायच्याही आधी. तेव्हा प्रोजेक्टर बहुतेक शाळांना परवडण्यासारखा नव्हता, त्यामुळे शिक्षकाचा स्क्रीन सगळ्या मुलांच्या मशीनवर दाखवणं हे मोठंच काम होतं, आणि उलट दिशेने मुलांचे स्क्रीन शिक्षकाकडे आणणं त्याच्या जोडीने आलं. 'इकडे बघा सगळ्यांनी' म्हणून घसा बसवण्यापेक्षा एक बटण दाबून सगळे स्क्रीन काळे करायचे आणि शिकवायचं, याची किंमत लॅबमधे उभं राहून शिकवलेल्या माणसालाच कळते.

१९९८ मध्ये केंब्रिजच्या ऑलिवेट्टी संशोधन प्रयोगशाळेतून व्हीएनसी बाहेर पडलं, तेही फुकट आणि कोडसकट, आणि त्याने खूप काही बदललं. त्याचं काम अगदी सरळ, दूरच्या मशीनच्या स्क्रीनवर जे बदलतंय ते चौकोन-चौकोन करून नेटवर्कवरून पाठवायचं आणि इकडचा माउस-कीबोर्ड तिकडे न्यायचा. ते उघडं असल्यामुळे कोणीही त्यावर वर्गासाठीचं सॉफ्टवेअर बांधू शकत होतं. जर्मनीतून आलेलं आयटाल्क असंच, आणि २०१७ पासून तेच व्हेयॉन या नावाने चालतं. आजही ज्या शाळेकडे लायसन्सला पैसे नाहीत तिथे व्हेयॉन हाच पहिला सल्ला असतो. शिक्षकाच्या मशीनवर एक खासगी की, म्हणजे डिजिटल किल्ली, मुलांच्या मशीनवर तिची सार्वजनिक जोडीदार, आणि ज्याच्याकडे खासगी की तोच स्क्रीन उघडू शकतो.

मी स्वतः काही वर्षं अशी लॅब सांभाळली आहे. समोर छोट्या-छोट्या चौकोनांची जाळी, त्यातला एखादा चौकोन अचानक करडा झाला की समजायचं कोणीतरी मागची केबल ओढलीये, आणि मग उठून त्या बाकापाशी जायचं, बहुतेक वेळा जाईपर्यंत केबल परत लागलेली असायची. पण एकदा एका मुलीचा चौकोन मी मोठा केला, ती प्रोजेक्ट सोडून दुसरंच काहीतरी टाइप करत होती म्हणून, आणि तो तिने आईला लिहिलेला मेल होता. घरातल्या भांडणाबद्दलचा. मी लगेच बंद केला पण दोन ओळी वाचून झाल्या होत्या आणि तिला ते कधीच कळलं नाही. मी तिला सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. लॅबच्या भिंतींच्या आत, सगळं नीट सेट केलेलं असताना, मनात काही वाईट नसतानाही हे होतं, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता लॅपटॉपकडे. अमेरिकेतल्या मेन राज्यात गव्हर्नर अँगस किंग यांनी २००० मध्ये कल्पना मांडली की सातवीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायचा, आणि २००२ मध्ये राज्यभरात ॲपलचे आयबुक वाटले गेले, सुमारे १७ हजार मुलांना. प्रत्येक मुलामागे एक मशीन हा प्रकार एवढ्या मोठ्या प्रमाणावर तिथून सुरू झाला. ॲपलने रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरी मशीन दुरून बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, आणलं तेही २००२ मध्येच. वायर गेली, वायफाय आलं, झाकणं समोर आली. त्याच काळात संशोधनही यायला लागलं: कॉर्नेल विद्यापीठातला २००३ चा प्रयोग दाखवतो की लेक्चरमधे लॅपटॉप उघडे ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांना नंतर कमी आठवलं, आणि कॅनडातला २०१३ चा अभ्यास तर असा की एकाने लॅपटॉपवर इकडचं-तिकडचं केलं की मागे बसून तो स्क्रीन दिसणाऱ्यांचेही मार्क घसरतात. म्हणजे एकाचा स्क्रीन हा फक्त त्याचा प्रश्न राहत नाही, आणि शिक्षकाला तो आवरावासा वाटणं अगदी योग्य आहे.

याच काळात कायदाही आला. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेत चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट झाला, थोडक्यात सिपा. इंटरनेटच्या बिलात सरकारी सवलत हवी असेल तर शाळेने फिल्टर लावायचा आणि मुलांच्या ऑनलाइन वापरावर लक्ष ठेवायचं. त्या 'लक्ष ठेवायचं' या दोन शब्दांवर पुढे अख्खा धंदा उभा राहिला. पण गंमत नाही, गंभीरपणे सांगते, त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही ओळखता येणाऱ्या मुलाचा इंटरनेट वापर ट्रॅक करायला हा कायदा भाग पाडत नाही. शिक्षकाने वर्गात फेरी मारणं हेसुद्धा लक्ष ठेवणंच आहे. हे वाक्य शाळांना सॉफ्टवेअर विकताना कोणी वाचून दाखवतं असं मला वाटत नाही.

आपल्याकडे त्याच दशकात अगदी वेगळा प्रयोग झाला होता आणि तो आपण विसरलोय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावात, एका छोट्या प्राथमिक शाळेत, वन लॅपटॉप पर चाइल्ड या, प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, वीसेक मुलं, एक शिक्षक. त्या प्रकल्पाचा आग्रह असा की मशीन मुलाचं, ते घरी जाणार, मूल ते उघडून बघणार, सॉफ्टवेअरचं कोडसुद्धा बघू शकणार. शिक्षकाच्या टेबलावर सगळ्यांचे स्क्रीन आणणं ही त्यातली कल्पनाच नव्हती. तो प्रकल्प भारतात फार वाढला नाही, त्यावर टीकाही भरपूर झाली आणि त्यातली बरीच योग्य होती, पण लॅपटॉप आणि पाळत या दोन गोष्टी जन्मापासून जुळ्या नाहीत हे त्यावरून कळतं.

२०१० मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, प्रकरण फुटलं. शाळेने हायस्कूलच्या मुलांना लॅपटॉप दिले होते, घरी न्यायला, आणि त्यात चोरी झाली तर शोधता यावं म्हणून एक सोय होती, ती चालू केली की वेबकॅम आणि स्क्रीन दोन्हीचे फोटो थोड्या-थोड्या वेळाने शाळेच्या सर्व्हरवर. एका मुलाला शाळेत बोलावून त्याच्याच खोलीतला फोटो दाखवला गेला तेव्हा त्याच्या घरच्यांना कळलं की हे असं काही आहे. चौकशीत ५० हजारांहून जास्त फोटो निघाले. स्कूल डिस्ट्रिक्टने शेवटी ६ लाख १० हजार डॉलर देऊन खटला मिटवला. हे वर्गात वापरायचं सॉफ्टवेअर नव्हतं, चोरीविरोधी सोय होती, हा फरक प्रामाणिकपणे ठेवायला हवा. पण मशीन घरी गेलं आणि नजर त्याच्याबरोबर घरी गेली, आणि आई-बापांना कोणी विचारलं नाही, हे पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं ते इथे.

खरा सांधा बदलला तो क्रोमबुकने. २०११ मध्ये क्रोमबुक, म्हणजे मुख्यतः गूगलच्या क्रोम ब्राउझरवर चालणारे लॅपटॉप, विकायला आली, स्वस्त, आणि शाळेच्या ॲडमिनने एका जागेवरून हजारो मशीन चालवायची. आता वर्गातलं सॉफ्टवेअर मशीनवर बसवायची गरजच उरली नाही, ते ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, रूपात मुलाच्या शाळेच्या अकाउंटला चिकटवायचं. असं नजर ठेवणारं गोगार्डियन २०१४ च्या सुमारास आलं, सिक्युर्ली, हापारा वगैरे आजूबाजूचीच. आता यातला फरक बघा, लँग्वेज लॅबमधे नजर वायरला बांधलेली होती, व्हीएनसीत ती शाळेच्या नेटवर्कला, आणि इथे ती अकाउंटला. म्हणजे मुलाने घरच्या कम्प्युटरवर क्रोममधे शाळेच्या आयडीने लॉगिन केलं तर ते एक्स्टेन्शन तिथेही येऊ शकतं. भिंत कोणी ठरवून पाडली नाही, तंत्र बदललं आणि ती सरकली, आणि शाळेतल्या बऱ्याच शिक्षकांना हे माहीतही नसतं कारण त्यांच्यासमोरची चौकोनांची जाळी तशीच्या तशी आहे.

ॲपलने २०१६ मध्ये आयपॅडसाठी क्लासरूम ॲप आणलं तेव्हा वेगळा रस्ता घेतला. शिक्षकाचा आणि मुलाचा आयपॅड ब्लूटूथने एकमेकांना जवळ आहेत हे ओळखतात तेव्हाच वर्ग जुळतो, आणि शिक्षक स्क्रीन बघत असेल तर मुलाच्या स्क्रीनवर वरती खूण दिसते. माझ्या मते एवढी दोन कामं केली असती तरी या क्षेत्रातली अर्धी भांडणं झाली नसती: खोली संपली की बघणं संपलं, आणि बघताना समोरच्याला कळलं.

मग २०२० चा मार्च आला, शाळा बंद, लॅपटॉप घरी, वर्ग घरी. सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी या अमेरिकन संस्थेच्या २०२१ च्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या ८१ टक्के शिक्षकांनी सांगितलं की आमच्या शाळेत असं सॉफ्टवेअर आहे, आणि ते शाळेच्या वेळेपुरतंच चालतं म्हणणारे त्यातले साधारण पावच होते. त्याच संस्थेने हेही दाखवलं की ज्या मुलांकडे स्वतःचं मशीन नाही, शाळेनेच दिलेल्यावर सगळं अवलंबून आहे, त्यांच्यावर जास्त नजर राहते. हे वाचून मला आपल्याकडची सरकारी टॅबलेट मिळणारी मुलं आठवतात, बापाच्या पगारावर खासगीपण ठरायला लागलं तर ते फार वाईट.

सुरक्षेचं पण सांगायला हवं. मार्च २०२१ मध्ये मॅकफी या कम्प्युटर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी नेटॉप व्हिजन प्रो या वर्गातल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका जाहीर केल्या. मुलांच्या स्क्रीनचे फोटो नेटवर्कवरून उघडेच, कुठलंही एन्क्रिप्शन नसताना जात होते, आणि त्याच नेटवर्कवरचा बाहेरचा माणूस शिक्षक असल्याचं भासवून मशीन ताब्यात घेऊ शकत होता, वेबकॅमसकट. कंपनीने त्यातल्या बऱ्याच चुका दुरुस्त केल्या. पण मुद्दा राहतोच: शिक्षकासाठी केलेलं दार शिक्षकापुरतंच उघडतं असं नाही.

आणि नोंदी. आपल्या शाळेत वर्गाचा मॉनिटर बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा, नावापुढे फुल्या वाढत जायच्या, बाई आल्या, ओरडल्या, आणि पुढच्या तासाला डस्टर फिरलं की सगळं पुसलं. आजच्या सॉफ्टवेअरमधे कोणत्या मुलाने किती वाजता कोणतं पान उघडलं, कोणता शब्द शोधला, हे साठतं, आणि शब्दांवरून शंका काढणारी यंत्रणा वरून बसते. २०२३ मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने गोगार्डियनने खुणावलेली पानं तपासली तर त्यात आरोग्याची, इतिहासाची, अभ्यासाचीच कितीतरी पानं निघाली.

भारतात यावर थेट बोलणारा पहिला कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट. त्याच्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलांचं ट्रॅकिंग किंवा वागणुकीवर पाळत ठेवायला मनाई आहे, आणि हे कलम लागू व्हायची तारीख नियमांनंतर १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ ची, ठरली आहे. वाचून हायसं वाटतं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले त्यात शिक्षणसंस्थांना सूट दिलीये, संस्थेच्या शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी ट्रॅकिंग चालेल. वर्गात गणिताच्या तासाला स्क्रीन बघणं त्यात बसतं, त्यावर कोणी वाद घालणार नाही. रात्री नऊ वाजता, घरी, जेवणानंतर, शाळेच्या आयडीने उघडलेलं पान त्यात बसतं का, हे नियमात लिहिलेलं नाही. शाळेने लॅपटॉप किंवा आयडी दिला की पालकसभेत एवढं तरी विचारा: हे किती वाजता बंद होतं, नोंदी किती दिवस राहतात, आणि बघणारं कोण आहे. मी विचारलं होतं एका ठिकाणी. उत्तर द्यायला त्यांनी आठ दिवस घेतले, कारण त्यांनाही आधी शोधावं लागलं.