विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉइडच झाला असं नसतं

कृष्णेला नवं पाणी आलं की सांगली-मिरजेत गल्लोगल्ली तापाचे पेशंट सुरू होतात, आणि ताप येऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर "रक्त तपासलं, टायफॉइड निघालाय" हे ऐकायला मिळतं. कशात निघाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, विडालमध्ये. आता विडाल ही टेस्ट १८९६ सालची आहे, फ्रान्सच्या फर्नां विडाल नावाच्या डॉक्टरच्या नावावरून ओळखतात, आणि तिच्यात टायफॉइडचा जंतू दिसतच नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग दिसतं काय? पेशंटचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळसर सिरम काढतात, स्लाईडवर गोल आखलेले असतात त्यात ते टाकतात, वर किटमधल्या बाटलीतला रंगीत थेंब. त्या थेंबात आधीच मारून ठेवलेले टायफॉइडचे जंतू असतात, जंतूच्या अंगाचा भाग म्हणजे ओ ॲंटिजन, त्याचा थेंब साधारण निळा, आणि शेपटीचा भाग म्हणजे एच, त्याचा लालसर. काडीनं कालवायचं, स्लाईड हातात धरून मिनिटभर हलवायची. सिरममध्ये त्या जंतूविरुद्धच्या ॲंटिबॉडी, म्हणजे शरीरानं जंतूशी लढायला बनवलेली प्रथिनं, असतील तर गुळगुळीत थेंबात बारीक रवा पडल्यासारखा दिसतो, नसतील तर थेंब तसाच राहतो. मग सिरम कमी कमी करत बघायचं की रवा कुठपर्यंत पडतोय, तोच तो रिपोर्टवरचा १:८० किंवा १:१६०.

म्हणजे टेस्ट एवढंच सांगते की या माणसाच्या रक्तात या जंतूला चिकटणाऱ्या ॲंटिबॉडी आहेत. त्या आत्ताच्या तापाच्या का दोन वर्षांपूर्वीच्या, का दुसऱ्याच कुठल्या साल्मोनेलाच्या (टायफॉइडचा जंतू ज्या घराण्यातला ते), ते नाही सांगत. आपल्याकडं पाणीपुरी, उसाचा रस, जत्रेतलं जेवण सगळं खाऊन वाढलेल्या माणसाच्या रक्तात थोड्या ॲंटिबॉडी एरवीही सापडतात, त्यात नवल काही नाही. वर आणखी एक भानगड. गल्लीत भांडण कुणाचंही असो, तालमीतला जुना पैलवान आधी बाहेर येतो, तसं डेंगू किंवा मलेरियाच्या तापातसुद्धा जुन्या टायफॉइडच्या ॲंटिबॉडी वर येऊ शकतात, मग डेंगूच्या पेशंटला टायफॉइडची सलाईन चालू!

उलटं पण होतं. खरा टायफॉइड असला तरी ॲंटिबॉडी मोजण्याइतक्या तयार व्हायला पहिला आठवडा जातो, त्यामुळं तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल निगेटिव्ह आली तर तिला काही अर्थ नाही, आणि पॉझिटिव्ह आली तर तिच्याकडं जास्तच संशयानं बघायला पाहिजे. पुस्तकातली पद्धत अशी की दहा-चौदा दिवसांच्या अंतरानं दोन सॅम्पल घ्यायची आणि टायटर, म्हणजे तो १:८० वाला आकडा, चौपट वाढलं तर टायफॉइड धरायचा. पण तोवर पेशंट एकतर बरा झालेला असतो नाहीतर ॲडमिट. म्हणून दुसरं सॅम्पल कुणीच देत नाही.

मेडिकलच्या पोरांना एक 'बासू' पाठ असतो, ब्लड, ॲग्लुटिनेशन (विडालसारखी रवा पडायची टेस्ट), स्टूल, युरिन, म्हणजे कुठल्या आठवड्यात काय तपासायचं त्याचा क्रम. पहिला नंबर ब्लड कल्चरचा. म्हणजे जंतू जिवंत पकडायचा, वाढवायचा आणि मगच नाव घ्यायचं.

ब्लड कल्चरला मोठ्या माणसाचं एका बाटलीला आठ-दहा मिली रक्त लागतं आणि तिथंच नातेवाईक म्हणतात एवढं रक्त कशाला काढताय. कारण टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात बऱ्याचदा एक जिवंत जंतूसुद्धा नसतो. रक्त कमी घेतलं तर बाटलीत जंतू गेलाच नाही असं होतं. आणि रक्त ॲंटिबायोटिक सुरू करायच्या आधी गेलं पाहिजे, मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन आल्यावर कल्चर केलं की निम्मी मजा तिथंच संपते. सगळं नीट करूनही टायफॉइडच्या शंभरातले साधारण साठच कल्चरमध्ये सापडतात, बोन मॅरोत जास्त सापडतात पण तापासाठी हाडात सुई कोण घालून घेणार.

बाटली मशीनमध्ये शरीराच्या तापमानाला ठेवतात. जंतू वाढला की कार्बन डायऑक्साईड सोडतो, तळाच्या सेन्सरचा रंग बदलतो, मशीन वाजतं. टायफॉइडचं बहुतेक एक-दोन दिवसांत वाजतं पण निगेटिव्ह म्हणायला पाच दिवस थांबतात. वाजलं की थेंबभर घेऊन मॅकॉन्कीच्या प्लेटवर (जंतू वाढवायची रंगीत जेलीची बशी) ओढायचं, दुसऱ्या दिवशी ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू असेल तर गुलाबी ठिपके, साल्मोनेला असेल तर फिकट, बिनरंगाचे. (ती प्लेट ज्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, बनते ते सुचवलं फॅनी हेस या बाईंनी, १८८१ च्या सुमारास, नवरा जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये जिलेटिन वितळतंय म्हणून वैतागला होता आणि यांच्या स्वयंपाकघरात अगार होतं.) मग त्या ठिपक्यातला जंतू स्लाईडवर घेऊन त्यावर ओळखीचं ॲंटिसिरम, म्हणजे ठराविक ॲंटिबॉडी असलेलं सिरम, टाकतात. गंमत बघा, विडालचाच खेळ पण उलटा, इथं ॲंटिबॉडी आपल्या ओळखीची आणि जंतू पेशंटचा, म्हणून रवा पडला तर त्याला अर्थ आहे.

आणि कल्चरचा खरा फायदा पुढंच आहे, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं औषध त्या जंतूवर चालतं ते. प्लेटभर जंतू पसरून त्यावर औषधाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या, सकाळी चकतीभोवती किती मिलीमीटर जागा मोकळी राहिली ते पट्टीनं मोजायचं. सिप्रोफ्लॉक्सासिन पूर्वी टायफॉइडला हमखास चालायचं, आता भारतातल्या बहुतेक टायफॉइडच्या जंतूंवर ते नीट चालत नाही, म्हणून डॉक्टर सेफ्ट्रियाक्सोन नाहीतर ॲझिथ्रोमायसिन देतात. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला. हे असलं काही विडालच्या १:१६० वरून कधीच कळलं नसतं.

राहता राहिलं, बरं वाटल्यावर महिन्यानं "टायफॉइड गेला का बघू" म्हणून परत विडाल करणारे. ॲंटिबॉडी बरं झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात, रिपोर्ट परत पॉझिटिव्हच येणार, आणि ताप नसलेल्या माणसाला परत औषधाचा कोर्स. ताप गेला, जेवण जातंय, वजन भरतंय, तर ती टेस्ट करायचं कारणच नाही.